मिरचीचे झाड हिवाळ्यात घरात राखणे

कडक हिवाळ्याच्या देशांत तिखट मिरचीचे झाड थंडी पडण्यापूर्वी छाटून घरात आणतात, हिवाळाभर जेमतेम पाण्यावर जिवंत ठेवतात आणि वसंतात पुन्हा बाहेर लावतात. ब्रिटन, उत्तर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग येथील हौशी बागवाल्यांची ही पद्धत आहे. व्यापारी शेतीत ती फारशी कोणी करत नाही, कारण इतकी झाडे ठेवायला जागा आणि राबायला माणसे परवडत नाहीत.

मिरची हे मुळात बहुवर्षायू झुडूप. मेक्सिकोपासून अँडीज पर्वतापर्यंतच्या तिच्या मूळ प्रदेशात, आणि पोर्तुगीजांमार्फत ती जिथे पोचली त्या आपल्याकडेही, परसातले झाड दोन-तीन वर्षे सहज टिकते. खोड लाकडासारखे होते, मिरच्या लहान होत जातात, पण झाड मरत नाही. महाराष्ट्रातला शेतकरी हंगाम संपला की मिरची उपटतो, कारण उत्पन्न घटते आणि चुरडा-मुरडा रोग ठाण मांडून बसतो. थंड देशांत मात्र निर्णय हवामान घेते. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की वाढ थांबते आणि पाने पिवळी पडून गळतात. हिमतुषाराची एकच रात्र पानांतले पाणी गोठवते, आणि सकाळी झाड उकडल्यासारखे काळपट लोंबलेले दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मिरचीच्या प्रजातीवर अवलंबून आहे. हालापेन्यो किंवा आपली ज्वाला यांसारख्या *कॅप्सिकम ॲन्युअम* प्रजातीतील मिरच्या बियांपासून एका उन्हाळ्यात भरपूर फळ देतात. त्या राखण्यात हौसेपलीकडे फारसा लाभ नाही. *कॅप्सिकम चायनेन्स* प्रजातीची गोष्ट वेगळी. हबानेरो, स्कॉच बॉनेट, कॅरोलिना रीपर या मिरच्या तिच्यातल्याच, आणि ईशान्य भारतातली भूत जोलोकियाही मुख्यतः याच गोत्राची. हिचे बी उगवायलाच दोन ते चार आठवडे घेते, आणि फळ पिकेपर्यंत पुढे बरेच महिने जातात. ब्रिटनमध्ये जानेवारीत पेरूनही पहिली लाल मिरची हाती येते न येते तोच ऑक्टोबरची थंडी दारात येते. जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून भूत जोलोकियाची २००७ साली आणि कॅरोलिना रीपरची २०१३ साली गिनीज विक्रमात नोंद झाली. अशा जहाल मिरच्या हौशी बागांत शिरल्यावर झाड राखण्याचा फायदा अधिकच दिसू लागला. जुन्या झाडाला मुळे आणि खोड तयार असते, त्यामुळे ते रोपापेक्षा कितीतरी आठवडे आधी फुलते. हा एक प्रकारे मिरचीचा खोडवाच, म्हणजे छाटलेल्या जुन्या बुंध्यातून घेतलेले पुढचे पीक. संकरित झाडाच्या बियांतून तेच गुण उतरतील याची खात्री नसते, म्हणून आवडलेले एखादे झाड राखण्याला वेगळे मोलही आहे.

अँडीजमधील रोकोटो (*कॅप्सिकम प्युबेसेन्स*) ही या पद्धतीला सर्वांत मानवणारी मिरची. लवदार पाने, जांभळी फुले आणि काळे बी यांवरून ती लगेच ओळखता येते. डोंगरी असल्याने तिला थंडावा चालतो, हिमतुषार मात्र तिलाही सोसत नाही.

रात्रीचे तापमान १० अंशांकडे झुकू लागले की कामाला लागतात. सगळ्या मिरच्या, कच्च्यासुद्धा, तोडून घेतात. मग खोडाला पहिला दुबेळका जिथे फुटतो त्याच्या थोडे वर, प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे राखून छाटणी करतात. नवी फूट या डोळ्यांतूनच येते, म्हणून डोळ्याखाली कात्री चालवली तर ती फांदी वाया जाते. पाने जवळजवळ सगळी काढतात. मुळांचा गड्डा बाहेरून थोडा छाटून जुनी माती धुऊन टाकतात आणि झाड लहान कुंडीत, मातीच्या ताज्या मिश्रणात लावतात.

माती धुण्याचा कंटाळा करू नये. बाहेर मावा आणि लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडींना खाणारे किडे, पाऊस, वारा असे सगळे असते. घरात त्यांतले काहीच नसते. कोवळ्या शेंड्याला चिकटलेले माव्याचे एखादे-दुसरे हिरवे टिपूस डिसेंबरपर्यंत शेकडोंवर जाते आणि खिडकीच्या फळीवर चिकट थर साचतो. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी फोफावतो. ओल्या मातीवर बारीक काळी चिलटे घिरट्या घालू लागली, तर पाणी जास्त होते आहे असे समजावे. कीटकनाशक साबणाचे पाणी किंवा निंबोळी तेल हे नेहमीचे उपाय, पण आणलेले झाड काही दिवस घरातल्या इतर कुंड्यांपासून दूर ठेवणे अधिक उपयोगी. पाने चुरडलेले, विषाणूग्रस्त वाटणारे झाड घरात घेऊच नये.

घरात दोन मार्ग असतात. पहिला झाड झोपवण्याचा: ७ ते १३ अंशांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात ठेवून दोन-चार आठवड्यांतून एकदा, माती पुरती सुकू न देण्यापुरते पाणी. खत अजिबात नाही. झाडे थंडीपेक्षा जास्त पाण्याने कुजून मरतात, आणि नवख्याला हे सहसा उशिरा कळते. दुसरा मार्ग ते वाढते ठेवण्याचा. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असतो, लंडनमध्ये तो ८ तासांहून कमी. खिडकीतल्या उजेडावर झाड केवळ लांबुडके, फिकट होते. म्हणून २० अंशांच्या खोलीत रोज १४ ते १६ तास एलईडीचा प्रकाश द्यावा लागतो. विजेचे बिल आणि कीड दोन्ही वाढवणारा हा मार्ग मोजक्या झाडांपुरताच शहाणपणाचा.

निष्पर्ण काडी मेली की जगली, हे नखाने साल किंचित खरवडून पाहतात. आत हिरवे दिसले तर जीव आहे; तपकिरी, कोरडे असेल तर खाली सरकत पुन्हा खरवडून पाहतात आणि मेलेला भाग कापून टाकतात. काही झाडे काळजी घेऊनही जातात, त्यामुळे एका वाणाची एकापेक्षा जास्त झाडे ठेवणे बरे.

फेब्रुवारीच्या अखेरीस झाड उबेत आणि उजेडात आणून पाणी हळूहळू वाढवतात. डोळे फुगले की सौम्य खत सुरू करतात. हिमतुषाराची भीती सरल्यावर झाड सुरुवातीला सावलीत, मग तासा-दोन तासांच्या उन्हात ठेवून आठ-दहा दिवसांत त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात. घरात फुटलेली पाने थेट उन्हात पांढरी पडून करपतात. करपली तरी खोड शाबूत असते आणि पुन्हा फूट येते, मात्र मिळवलेल्या आठवड्यांपैकी दोन-तीन त्यातच जातात.