त्याच नंबरचा निळा, तरी वेगळा

दसऱ्याआधी बेळगावातल्या वडगावच्या माझ्या मावसभावाने घराचा सोपा, म्हणजे पुढची खोली, रंगवून घेतला. शेड कार्डावरचा गडद निळा, दोन्ही डबे त्याच नंबरचे. एका भिंतीला मॅट, म्हणजे न चमकणारा, दुसरीला ग्लॉस, म्हणजे चकचकीत. रंग वाळला आणि त्याचा फोन आला, "दादा, फसवलं की रे! मॅटच्या डब्यात पांढरा मिसळून दिलाय. येऊन बघ."

जाऊन पाहिलं. ग्लॉसची भिंत डोहासारखी खोल दिसत होती. मॅटची मात्र राखी झाक आलेली, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. पेंटर म्हणाला, ग्लॉसमध्ये रंगच जास्त घालतात. असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते खरं नाही. मॅटच्या भिंतीत पांढरा मिसळला होता हे भावाचं म्हणणं बरोबर होतं. तो खिडकीतून आला होता.

खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंती आठवा. मे महिन्यात त्या फिकट, धुरकट दिसतात. पहिला पाऊस पडला की तोच दगड गर्द लाल होतो. पाण्याला स्वतःचा रंग नाही, तरी दगडाचा रंग खुलतो. ग्लॉस पेंट म्हणजे भिंतीला दिलेलं असं कायमचं ओलेपण.

रंगाच्या थराचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो याचं माप, साधारण 1.5 असतो. हवेतून येणारा प्रकाश अशा थरावर सरळ पडला की त्याचा सुमारे 4 टक्के भाग वरूनच परततो. त्याची रंगद्रव्याशी गाठच पडत नाही, म्हणून तो खिडकीतल्या उजेडासारखा पांढराच राहतो. मॅट असो वा ग्लॉस, हा हिस्सा जवळपास सारखाच. तो जातो कुठे, यात सगळी गंमत आहे. ग्लॉसमध्ये रेझिन, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, भरपूर असल्याने पृष्ठभाग काचेसारखा सपाट होतो आणि हा पांढरा प्रकाश आरशाच्या नियमाने एकाच दिशेला निघून जातो. त्या वाटेत तुम्ही उभे नसाल, तर डोळ्यांत फक्त आतून आलेला निळा येतो. मॅटमध्ये खडूसारखी भर जास्त आणि रेझिन कमी. कण वर डोकं काढतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पांढरा प्रकाश चहूकडे विखुरतो. कुठेही उभे राहा, त्यातला थोडा डोळ्यांत येतोच.

पांढऱ्या भिंतीवर हा फरक कळत नाही, कारण ती 100 पैकी 80-85 भाग प्रकाश परत देते; त्यात आणखी 4 कुठे दिसणार? पण गडद निळी भिंत आतून समजा 5 भागच परत देत असेल, तर त्यात 4 भाग पांढरे मिसळणं म्हणजे दुधात जवळजवळ तेवढंच पाणी!

याहून सुंदर गोष्ट थराच्या आत घडते. आजच्या बऱ्याच निळ्या रंगांत कॉपर थॅलोसायनीन हे रंगद्रव्य असतं. 1935 साली ते बाजारात आलं. मधोमध तांब्याचा अणू, भोवती नायट्रोजन आणि कार्बनची कडी; हा रेणू तांबडा-नारिंगी प्रकाश गिळतो आणि निळा सोडून देतो. आत विखुरलेला प्रकाश बाहेर पडायला निघतो, तेव्हा लंबाशी (भिंतीवरच्या काटकोनातल्या रेषेशी) 42 अंशांपेक्षा जास्त तिरका असलेला प्रत्येक किरण आतल्या बाजूनेच आरशासारखा मागे फिरतो; याला पूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणतात. सगळ्या दिशांचा हिशोब केला तर सुमारे 60 टक्के प्रकाश असा आत लोटला जातो. त्याला रंगद्रव्यातून पुन्हा जावं लागतं, उरलासुरला तांबडा पुन्हा गिळला जातो. म्हणून बाहेर येणारा निळा इतका गाळीव असतो.

दरम्यान शेजारच्या काकांनी निळा रंग उत्तरेच्याच भिंतीला हवा, नाहीतर घरात पैसा टिकत नाही, असं सांगून ठेवलं होतं. रेणूला दिशा कळत नाही, आणि पैशाचा तर संबंधच नाही. दिशेने बदलतो तो उजेड. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. खिडकी कुठे ठेवायची हे ठरवताना हे माहीत असलेलं चांगलं.

भावाला मी बोट ओलं करून मॅटच्या भिंतीवर टेकवायला सांगितलं. टिकलीएवढा डाग ग्लॉससारखा गडद झाला, आणि वाळला तसा पुन्हा फिकटला. दुकानदारावरचा राग तिथेच गेला.

चूक झाली होती ती भिंत निवडताना. वडगावातल्या जुन्या घरांसारखा त्याचा सोपाही लांबट आणि अरुंद, आणि ग्लॉस दिला होता लांब बाजूच्या भिंतीला. दारातून आत आलं की ती भिंत फार तिरकी दिसते. लंबाशी 60 अंशांच्या तिरकस कोनात वरून परतणारा प्रकाश 4 चा 9 टक्के होतो, 80 अंशांत जवळपास 39. टोकाच्या खिडकीचा उजेड तिच्यावर लखलखतो, निळा दिसतच नाही आणि लांबीचा, म्हणजे रंगाआधी भिंतीला भरलेल्या पुट्टीचा, उंचसखलपणा मात्र उठून दिसतो. आता लांब भिंतीला मॅट आणि दारासमोरच्या आखूड भिंतीला ग्लॉस द्यायचं ठरलंय. त्याआधी लांबी नीट घासून घ्यायची आणि बॅटरी भिंतीला चिकटवून आडव्या उजेडात तपासायची, मगच पहिला हात.