चौशिंगा (खानदेशातील)

बोव्हिडी कुलातील लहान कुरंग (अँटिलोप). शास्त्रीय नाव टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस. भारत व नेपाळ एवढ्यातच त्याचा प्रसार असून खानदेशात सातपुड्याचे पानझडी डोंगर हा त्याचा मुख्य अधिवास होय. खांद्यापाशी उंची ५५ ते ६४ सेंमी., वजन सुमारे २० किग्रॅ., म्हणजे जेमतेम शेळीएवढा. एवढ्यावरून हौशी लेखनात त्याला डोंगरी शेळ्यांच्या गोतात बसवतात, ते बरोबर नाही. त्या गटातले गोरल, सेराव व हिमालयी ताहर हिमालयात, तर निलगिरी ताहर निलगिरीकडे. चौशिंग्याचा जवळचा सगा नीलगाय.

नावाचा घोळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील प्राणिसूच्यांत ‘भेकरा’ हे मराठी नाव चौशिंग्याला आणि भेकर (मुंटजॅक) या हरणाला, असे दोघांनाही दिलेले दिसते. भेकराची शिंगे गळून पुन्हा येतात, नराचे सुळे ओठाबाहेर दिसतात. चौशिंग्याची शिंगे पोकळ, गुळगुळीत, वलयरहित असून कधीच गळत नाहीत. त्यामुळे नुसते ‘भेकरा’ लिहिलेली जुनी शिकारनोंद चौशिंग्याचा पुरावा म्हणून धरू नये.

शिंगे फक्त नराला. कानांजवळची मागची जोडी ८–१२ सेंमी., कपाळावरची पुढची २–५ सेंमी., कधी नुसते टेंगूळ. पुढची जोडी वर्षाच्या आसपास फुटते. दक्षिण भारतातील नरांत ती बरेचदा नसतेच. काहींनी चार शिंगे हे आदिम लक्षण मानले आहे. तथापि पुढची जोडी उत्क्रांतीत मागाहून आली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

एकटा वा जोडीने राहणारा हा प्राणी पाण्यापासून फार लांब जात नाही. ठरावीक जागीच लेंड्या टाकतो; मागावर निघालेल्याला जनावराआधी तो ढीगच दिसतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे; धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गणला जातो. खानदेशात यावल (१९६९, सुमारे १७७ चौ.किमी.) व अनेर धरण (१९८६, सुमारे ८३ चौ.किमी.) ही अभयारण्ये सातपुड्याच्या पायथ्याशी व उतारांवर आहेत. खरी अडचण उन्हाळ्यात येते. नाले आटतात, उरलेल्या डोहांवर गुरे व कुत्री येतात. शिवाय मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग पसरली की गवत जाते, आणि चौशिंग्याचे पाडस लपते ते त्याच गवतात.