चढावर कमावलं, उतारावर कुठे गेलं?

1976 सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात काही तरुणांनी घड्याळ लावून, एकेकट्याने, सायकली उतारावर सोडल्या. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या, वीसेक किलो वजनाच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात. पेडल उलटं मारलं की लागायचा. जेमतेम सव्वातीन किलोमीटरच्या वाटेत उंची सुमारे 400 मीटरने उतरायची. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’.

हिशोब सोपा आहे. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरले, तर 400 मीटर खाली येताना सुमारे 3 लाख 90 हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्यात लिटरभर पाणी सहज उकळीला येईल. यातली बरीच हवेच्या विरोधात आणि टायरांत खर्ची पडते, पण उरलेली सगळी त्या मुठीएवढ्या हबच्या माथी. आजच्या डिस्क ब्रेकची चकती उघड्या हवेत फिरत गार होते, म्हणून धूर दिसत नाही. ऊर्जा मात्र तशीच वाया जाते.

त्याच भागात, बर्कलीतल्या मॅट फ्रिट्झिंगर या शिक्षकांच्या पुढाकाराने 2001 मध्ये शाळकरी मुलांची माउंटन बाइक लीग सुरू झाली. 2009 मध्ये तिच्यातूनच ‘नायका’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि आता अमेरिकेच्या अनेक राज्यांत नववी ते बारावीची मुलंमुली या शर्यतींत उतरतात. 2018 साली माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री (चढउतारांच्या फेऱ्यांची) शर्यतीत जगज्जेती ठरलेली केट कोर्टनी याच लीगमधून पुढे आली. मातीच्या वाटेवर ठरावीक फेऱ्या मारायच्या. नवख्यांना कमी, मुरलेल्यांना जास्त.

समजा, मुलगी 50 किलोची आहे. सायकल, हेल्मेट, पाणी धरून एकूण 65 किलो. फेरीत 100 मीटरचा चढ असेल तर तो चढायला सुमारे 64 हजार ज्यूल लागतात. सात मिनिटांत चढली तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्धच जवळपास 150 वॅट झाले. त्यात स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के, म्हणजे शरीराने जाळलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. इतक्या महाग पडलेल्या ऊर्जेचं उतारावर काय होतं, यावर शर्यतीचा निकाल बराचसा ठरतो.

आता ब्रेककडे बघू. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 30 किलोमीटरवरून 15 वर यायला आपली मुलगी सुमारे 1700 ज्यूल ब्रेकमध्ये जाळते. तेवढीच ऊर्जा पुन्हा पेडल मारून मिळवायची, तर 150 वॅटने अकरा सेकंद राबावं लागेल. फेरीत नुसत्या धास्तीने दहा वेळा असा ब्रेक दाबला तर जवळजवळ दोन मिनिटांची मेहनत गेली. उलट, किलोभर हलकी सायकल त्या सात मिनिटांच्या चढावर वाचवते सहाएक सेकंद. पालक त्या किलोपायी किती पैसे मोजतात, ते विचारू नये!

वळणावर ब्रेक दाबायला प्रशिक्षक का मनाई करतात, त्याचं कारण घर्षणात आहे. टायरला जमिनीची पकड एका मर्यादेपर्यंतच मिळते. ती ब्रेकसाठी वापरली की वळण्यासाठी उरत नाही. चाक पूर्ण अडकलं की ते घसरत जातं. घसरतानाचं घर्षण सहसा कमी असतं, आणि पुढचं चाक घसरलं तर हँडल फिरवूनही उपयोग नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात बोटं सैल सोडायची. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पाऊस नसतो. टणक जमिनीवर सुट्या मातीचा थर बसतो, आपल्याकडे मार्चनंतर घाटातल्या मुरमाच्या वाटेवर पाय सरकतो तसलाच प्रकार. तिथे ही मर्यादा फार लवकर येते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा असते टायरच्या हवेत. गुळगुळीत डांबरावर टणक टायर बरा. खडबडीत वाटेवर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर स्वारासकट सायकल उचलतो आणि त्यासाठीची ऊर्जा पुढच्या वेगातून काढून घेतो. शिवाय हादरे अंगात जिरतात, तीही ऊर्जाच. मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि सायकल फारशी उचलली जात नाही. पकडही वाढते. एका चाकावर साडेबत्तीस किलो भार आणि 20 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल तर टायर जमिनीला साधारण 23 चौरस सेंटिमीटर टेकतो. 40 पीएसआयला त्याच्या निम्मा. (टायरच्या भिंतीचा ताठपणा मी इथे सोडून दिला आहे.) फार मऊ केला तर रिम दगडावर आपटते आणि आत ट्यूब असेल तर ती चिमटून फुटते. म्हणून बहुतेक जण ट्यूबच काढून टाकतात आणि आत पातळ सीलंट ओततात; बारीक भोक पडलंच तर ते आपोआप बुजतं.

सुरुवातीच्या धावपळीबद्दल एवढंच: अरुंद वाट लवकर गाठावी म्हणून सगळे पहिल्या मिनिटात जीव तोडून पेडल मारतात. पण ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा पुरती तापायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तोवरची उधारी पहिल्या चढावर फेडावी लागते.

अशा शर्यतींत वेगवेगळे गट दिवसभर सुटत राहतात आणि त्यात एक गोष्ट सहज निसटते. सकाळी 15 अंशांत 20 पीएसआय हवा भरली आणि गट सुटेपर्यंत पारा 35 वर गेला, तर वायूच्या नियमानुसार टायरात 22 पीएसआयच्या वर भरतात. टायर उन्हात उभा असेल तर आणखी. म्हणून गेज पुन्हा लावायचा तो शर्यत सुटायच्या थोडा आधी, सायकल सावलीत घेऊन.