कोकण किनाऱ्यावर ड्रोन उडवायचाय? पात्रता, कागदपत्रं, परवानगी आणि हेलिकॉप्टरचा विचार

लग्नाचं शूटिंग, होमस्टेची जाहिरात, हापूसच्या बागेतली फवारणी, शिमग्यातली पालखी. कोकणात ड्रोन आता गावोगावी पोचलाय. परवानगी कुणाची लागते, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी 'पोलीस पाटलांना सांगून ठेवा' एवढंच उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही. या किनाऱ्यावरचं खालचं आकाश आधीच वापरात आहे. जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं जातात. रत्नागिरी विमानतळावर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, कुलाब्याला नौदलाचा आयएनएस शिक्रा. निवडणुकीच्या दिवसांत नेत्यांची हेलिकॉप्टरं तालुक्याच्या मैदानांवर उतरतात ती वेगळीच.

एवढ्या खाली रडारचा भरवसा नसतो, डोंगर आड येतात. वैमानिक बहुतांशी डोळ्यांनी बघून आणि रेडिओवर आपली जागा सांगून एकमेकांना टाळतात. दोन हेलिकॉप्टरं ताशी 220 किलोमीटर वेगाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला 120 मीटरपेक्षा जास्त कमी होतं. समोरचं यान नजरेस पडल्यापासून आपलं यान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. म्हणजे दीड किलोमीटर संपलं. 2 जानेवारी 2023 ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर एकाच कंपनीची दोन पर्यटन हेलिकॉप्टरं एकमेकांना धडकली. एक उतरत होतं, दुसरं नुकतंच उडालं होतं. भर दिवसा, स्वच्छ हवेत चार माणसं गेली. दीड किलोमीटरवरचं हेलिकॉप्टर निदान दिसू तरी शकतं. तेवढ्या अंतरावरचा पाऊण किलोचा ड्रोन कुठल्याही वैमानिकाला दिसत नाही. म्हणून टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली. ड्रोन नियम 2021 मध्येही तेच आहे: माणसं असलेल्या विमानाला वाट द्यायची आणि त्याच्यापासून लांब राहायचं.

आधी वजन बघा

सगळे नियम वजनावर ठरतात, आणि वजन म्हणजे कॅमेरा, टाकी, औषध सगळं धरून. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, त्यापुढे मीडियम आणि लार्ज. शूटिंगवाल्यांचे ड्रोन बहुतेक मायक्रोत येतात, फवारणीचे स्मॉलमध्ये.

नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन चालवण्याचा परवाना, लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवत असाल तरी लागत नाही. पण लग्नाचे पैसे घेतलेत, किंवा होमस्टेच्या जाहिरातीसाठी उडवलात, तर तो धंदा धरून चाला आणि सर्टिफिकेट काढा. कुठे उडवायचं हे ठरवणारे झोनचे नियम मात्र नॅनोलाही सुटलेले नाहीत.

सर्टिफिकेटसाठी पात्रता आणि कागदपत्रं

वय 18 ते 65, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या रिमोट पायलट प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण आणि परीक्षा. कोर्सचे पैसे भरण्यापूर्वी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा. तिथे नाव नसेल तर त्यांच्या छापील प्रमाणपत्राला काही किंमत नाही.

दहावीची गुणपत्रिका, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा सरकारी पुरावा जवळ ठेवा. पूर्वी पासपोर्टवर अडायचं. सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. गावाकडच्या पोरांसाठी ही मोठी सोय झाली. अर्ज डी-4 फॉर्ममध्ये, ऑनलाइन. सरकारी फी 100 रुपये, सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. प्रशिक्षण संस्थेची फी अर्थातच वेगळी.

ड्रोनची नोंदणी

गाडीला जसा नंबर, तसा ड्रोनला यूआयएन. अर्ज डी-2, फी 100 रुपये. इथे लोक अडकतात ते सिरियल नंबरपाशी. ड्रोनचा स्वतःचा, त्याच्या फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा आणि रिमोटचा असे वेगवेगळे नंबर यूआयएनला जोडले जातात. दुरुस्तीत यातला एखादा भाग बदलला असेल, तर खोक्यावरचा नंबर आणि आतला नंबर जुळत नाही. त्यामुळे सेकंडहँड ड्रोन घेताना तिन्ही नंबर पडताळून घ्या. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता, असेल तरच नोंदणी सुरळीत होते. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. 'दुबईहून आणलाय, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलेला ड्रोन नोंदवताना डोकेदुखी होईल. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे.

झोन, आणि सड्यावरची उंची

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन झोन दिसतात. ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटर, परवानगी न घेता उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट. त्यावर, आणि इतर यलो झोनमध्ये, संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. रेड झोनची परवानगी फक्त केंद्र सरकार देतं. रत्नागिरी आणि चिपी तर आहेतच, पण सातार्डा-बांदा पट्ट्यातल्यांनी मोपाही धरावा. विमानतळ गोव्यात असला तरी त्याचा पट्टा राज्याच्या सीमेवर थांबत नाही.

आता कोकणातली खरी अडचण. ड्रोनच्या ॲपमध्ये दिसणारी उंची साधारणपणे जिथून उडवला तिथून मोजलेली असते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे. समजा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, खाडीच्या पाण्यापासून 80 मीटर उंच आहे. कड्यावर उभं राहून ड्रोन 60 मीटर चढवला आणि खाडीवर नेला. स्क्रीनवर 60 दिसतंय, पण खालच्या पाण्यापासून तो 140 मीटरवर आहे, साधारण 460 फूट. तुमच्या नकळत 400 फुटांची हद्द ओलांडली गेली. नेमकं याच उंचीवर किनारा धरून आलेलं हेलिकॉप्टर डोंगराच्या पलीकडून अचानक समोर येतं. म्हणून कड्यावरून उडवताना कड्याची उंची आधी वजा करा, किंवा सरळ खाली पुळणीवर उतरून उडवा.

नकाशा उड्डाणापूर्वी दर वेळी बघणं बंधनकारक आहे. कालचा हिरवा आज लाल असू शकतो, कारण पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो. शिवाय पोलीस आणि जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश असतात, त्यासाठी पोलीस ठाण्यात विचारा. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. नियम मोडल्यास 1 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पूर आणि सभा: या दोन वेळी ड्रोन पेटीतच

जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा बचावासाठी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती. अशा वेळी व्हिडिओ काढायला ड्रोन चढवणं म्हणजे छपरावर अडकलेल्या माणसाची मदत अडवणं. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात एका खासगी ड्रोनने आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं आणि ते विमान ऐन गरजेच्या वेळी जमिनीवर राहिलं. सभेच्या मैदानाचंही तसंच. 3 मे 2024 ला महाडमध्ये तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना एक हेलिकॉप्टर कोसळलं होतं. अशा जागी उतरणं मुळातच अवघड असतं. वैमानिकाच्या वाट्याला तिथे ड्रोनची भर नको.

हेलिकॉप्टरचा आवाज आला, तर शॉट सोडा आणि ड्रोन लगेच खाली घ्या. ड्रोन आपोआप परत आणणारं 'रिटर्न टू होम' दाबू नका, त्यात ड्रोन बऱ्याचदा आधी वर चढतो. हेलिकॉप्टर अगदी जवळून गेलं असेल तर वेळ, जागा, दिशा आणि अंदाजे उंची लिहून ठेवा, ड्रोनमधला लॉग पुसू नका आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. प्रत्यक्ष अपघात झाला तर रिमोट पायलटने 48 तासांच्या आत तो ऑनलाइन डीजीसीएला कळवायचा असतो, आणि त्यासाठी यूआयएन व सर्टिफिकेटचा नंबर हाताशी हवा.