धर्मगुरू आणि राजकारण

पाद्री, मौलवी, भिक्खू, महंत अशा धर्माधिकारी व्यक्तींनी निवडणुकीत, कायदेमंडळात किंवा शासकीय धोरणांत पडावे की नाही, हा राज्यशास्त्रातील जुना वाद आहे. धर्मगुरूने बोलावे का, यापेक्षा त्याने खुर्चीवर बसावे का, यावर तो अधिक पेटला आहे.

बिशप कोणी नेमायचे यावरून पोप सातवा ग्रेगरी याने जर्मन राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत केले. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री, पोप मुक्कामाला असलेल्या इटलीतील कनोसाच्या किल्ल्याबाहेर, तीन दिवस अनवाणी, कडाक्याच्या थंडीत क्षमेची वाट पाहत उभा राहिला. (यात पश्चात्ताप किती आणि डावपेच किती, कोण सांगणार?) क्षमा मिळाली, भांडण मात्र ११२२ मध्ये पोप आणि सम्राट यांच्यात झालेल्या वर्म्स करारापर्यंत चालले.

आधुनिक राज्यांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. फ्रान्सने १९०५ मध्ये चर्च आणि शासन कायद्याने वेगळे केले. ब्रिटनच्या उमराव सभागृहात मात्र आजही २६ बिशपांच्या जागा आहेत. थायलंडमध्ये भिक्खूंना मताधिकारच नाही, तर इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीपासून सर्वोच्च सत्ता धर्मशास्त्रज्ञाच्या हाती आहे. भारतात धर्माच्या नावावर मत मागणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरते. तरी धोरणावरचे प्रवचन कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. कायद्याला सिद्ध करता येत नाही.

खुर्चीवर बसणारा आणि केवळ बोलणारा धर्मगुरू, अशी कॅथलिक चर्चची दोन्ही रूपे १९८० मध्ये दिसली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्य आणि जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू रॉबर्ट ड्रायनन यांनी पोपच्या आदेशावरून पुन्हा निवडणूक लढवली नाही. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याकडे कोणतेही राजकीय पद नव्हते. २३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना स्वतःच्याच लोकांना मारू नका असे बजावले, आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा (चर्चमधील उपासनाविधी) चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. १९८३ च्या चर्चसंहितेने धर्मगुरूंना सत्तापदे घेण्यास मनाई केली, बोलण्यास नव्हे.

पण पद नसले की प्रभाव निर्मळ असतो, असेही नाही. सप्टेंबर २००७ मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी भिक्षापात्रे पालथी धरून लष्करी राज्यकर्त्यांचे दान नाकारले. दान हेच पुण्य मानणाऱ्या समाजात ही जबर शिक्षा होती. पुढे त्याच देशातील काही भिक्खूंनी मुस्लिमविरोधी मोहीम चालवली, आणि २०१५ मध्ये बौद्ध स्त्रियांच्या आंतरधर्मीय विवाहांवर बंधने घालणारा कायदा त्यांच्याच रेट्याने झाला.