नवसंशोधकांचा धोरणसहभाग (सातारा जिल्हा)

परिस्थितिविज्ञानात (सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या अभ्यासात) नुकतेच काम सुरू केलेल्या, बहुधा कायम नोकरी नसलेल्या अभ्यासकांनी आपली रानातली निरीक्षणे शासकीय निर्णयापर्यंत पोहोचवणे. सातारा जिल्ह्यात याला भरपूर वाव आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठार आणि कोयना अभयारण्य २०१२ मध्ये पश्चिम घाटाचे भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले.

शिरकावाच्या वाटा कायद्यातच आहेत. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या तपासणीच्या, २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. केंद्राच्या मसुदा अधिसूचनांवर साधारणतः ६० दिवसांत हरकती घेता येतात. घोडे अडते ते वेळेपाशी. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला आणि हरकतींची मुदत नेमकी कासच्या बहरात आली. वायतुरा ही इथली पाणवनस्पती कुठे आणि किती उगवते हे ज्याला सांगता येते, तो त्या दिवसांत सड्यावर (खडकाळ पठारावर) चिखलात असतो. हरकतीत ‘जैवविविधता धोक्यात’ एवढेच लिहून भागत नाही. गाव, गट क्रमांक, महिना आणि मोजणी असेल तर अधिकाऱ्याला ती बाजूला सारणे अवघड जाते.

कासचे कुंपण हे यातले बोलके उदाहरण. पर्यटकांच्या पायांखाली फुले जाऊ नयेत म्हणून जाळी घातली, पण तिने गुरेही अडवली. चराई थांबली की उंच गवत माजते आणि बुटकी फुलझाडे मागे पडतात, असा आक्षेप आला. पुढे जाळी काढली गेली. अशा वादात जाळीच्या आत-बाहेर चौकटी आखून सलग काही हंगाम केलेली साधी मोजणी मोठ्या भाषणापेक्षा उपयोगी पडते. गुराख्याला मात्र हे आधीच ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत नाही, इतकेच.

गावपातळीवर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद, असते. राष्ट्रीय हरित लवादाने त्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर बऱ्याच नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. त्या दुरुस्त करणे हे नवख्या अभ्यासकासाठी सर्वात मोकळे दार आहे, जरी पदोन्नतीच्या हिशेबात त्याला शोधनिबंधाचे गुण मिळत नसले तरी.

एक अवघड जागा उरते. अभयारण्यातील संशोधनाची परवानगी वनखात्याकडूनच घ्यावी लागते, आणि हरकतही पुष्कळदा त्याच खात्याच्या निर्णयावर असते. त्यामुळे बरेच जण मार्गदर्शक प्राध्यापक किंवा ग्रामसभेच्या ठरावाआडून बोलणे पसंत करतात.