मुंबईतील वीजखंड, १२ ऑक्टोबर २०२०

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज एकाएकी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि ऐन करोनात रुग्णालये जनरेटरवर आली. दुपारपासून पुरवठा टप्प्याटप्प्याने सुरू झाला. कारणाचा वाद मात्र पुढे पाच महिन्यांनी पेटला.

तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सुरुवातीला दिलेले कारण साधे होते. महापारेषण या राज्याच्या वीज वाहून नेणाऱ्या कंपनीच्या ४०० केव्ही कळवा–पडघे वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू होती, भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यातच बिघाड झाला. अशा वेळी ग्रिडपासून तुटून ट्रॉम्बेसारख्या केंद्रांच्या विजेवर मुंबई चालू राहावी, म्हणून आयलँडिंग यंत्रणा आहे. नेमकी तीच त्या दिवशी कामी आली नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने ‘रेडएको’ नावाचा, चीनशी संबंधित हॅकर गट भारताच्या वीज क्षेत्रात शिरल्याचे म्हटले. मुंबईतील खंडाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचा दावा तिने केला नव्हता. १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर गुन्हे विभागाच्या अहवालाचा हवाला देत वीज यंत्रणेत १४ ट्रोजन हॉर्स (निरुपद्रवी असल्याचे भासवून शिरणारे घातक प्रोग्राम) आणि परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा असल्याचा संशय मांडला. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी खंडाचे खापर मानवी चुकीवर फोडले. चीनने आरोप फेटाळले.

खरी गोम तपासात आहे. कार्यालयातल्या संगणकात व्हायरस सापडणे वेगळे आणि त्याने स्काडापर्यंत, म्हणजे वीजयंत्रणा दुरून चालवणाऱ्या नियंत्रण प्रणालीपर्यंत, पोहोचून सर्किट ब्रेकर उघडणे (म्हणजे वीजप्रवाह तोडणे) वेगळे. परदेशी आयपी पत्त्यावरूनही फारसे हाती लागत नाही, कारण हल्लेखोर बहुधा दुसऱ्याच कुणाचे मशीन वापरतो. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी असा संशय उरला नव्हता: तिथे कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकत ब्रेकर उघडत गेला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले.

त्या हल्ल्यासंबंधी अमेरिकेने रशियाच्या सहा लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवरील आरोपपत्र जाहीर केले ते १९ ऑक्टोबर २०२० रोजी, मुंबईतील खंडानंतर आठवड्याने. त्याच आरोपपत्रात ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक संगणक व्हायरसही आहे, जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यानेच ठप्प केले होते.